राहून गेलेला तेलाचा हात

२९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

मुलं आली. परवा दुपारी मुलानं आणि सुनेनं दोघांना दारात उतरवलं, उभ्याउभ्या अर्धा अर्धा कप चहा घेतला आणि आपापल्या कामाला पळाली. आता शाळा उघडेपर्यंत भिंगरी आणि ढब्बू माझ्या राज्यात. भिंगरी आठ वर्षांची झाली तरी एका जागी बसत नाही, आणि ढब्बू साडेचारचा, तो एकदा बसला की उठत नाही. दोघांची सरासरी काढली तर एक बरं मूल निघेल, असं हे म्हणतात.

तुला सांगू का ताई, माझा सगळा जन्म दवाखान्यातल्या पाळ्या करण्यात गेला. स्वतःच्या मुलाचा दात पडला हेसुद्धा मला रजेच्या दिवशी कळायचं. आता निवृत्त झाले, तर सकाळी डोळा उघडल्यापासून पोरं अंगाखांद्यावर. मी सुखात आहे. इतक्या सुखात की कुणाची तरी दृष्ट लागेल, आणि कुणाची लागेल ते मला माहीत आहे.

जेवणाचं टेबल आम्ही भिंतीशी सरकवलंय आणि त्यावर कारखाना मांडलाय. काल मोज्याची बाहुली केली. मी बोळा भरला, भिंगरीनं डोळे म्हणून दोन बटणं लावली, त्यातलं एक कपाळावर गेलं. बाहुली अशी झालीय की रस्त्यात भेटली तर लोक वाट बदलतील. ढब्बूनं तिला कुशीत घेऊन दुपारची झोप काढली. तुझ्या शाळेच्या प्रदर्शनात आली असती तर तू तिला टेबलाखाली ठेवली असतीस.

आता काम. दोघांना सिंहाचा मुखवटा करायचाय, कागदाचे थर देऊन करतात तसा. माझ्या मुलाला लहानपणी तू करून दिला होतास, तो शाळाभर मिरवला होता, एवढंच मला आठवतं. कसा करायचा ते सविस्तर कळव. सोप्या शब्दांत लिही, विद्यार्थिनी ढ आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी
धाकटी

•

४ मे

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा पोटात दुखलं. कुणाची दृष्ट लागेल ते माहीत आहे असं तूच लिहिलंयस, तर मी कशाला लपवू? लागली असेल तर लागली.

मला एक कळत नाही. सुईत दोरा ओवताना जिला घाम फुटायचा, जिच्या फ्रॉकची बटणं लग्न ठरेपर्यंत मी लावून दिली, ती आज हस्तकलेचा कारखाना काढून बसली आहे. आणि पोरींच्या दोन पिढ्यांना शिवण-भरतकाम शिकवलेली मी इथे खिडकीत बसून समोरच्या घराचं रंगकाम बघते आहे. तेही वाकडं चाललंय. रंगाऱ्याला दोनदा सांगून झालं.

नातवंडांना दुधावरची साय म्हणतात ते बरोबरच आहे. पण ते दूध तापवलं कुणी? तू पाळीवर असायचीस तेव्हा आपल्या पोराला न्हाऊमाखू कुणी घातलं, त्याचे पाढे कुणी घेतले, त्याचा ताप कुणी काढला? ‘आपल्या’ लिहिलंय, खोडत नाही. मी लग्न केलं नाही, तुझ्या घरात राहिले, शाळा सुटली की धावत घर गाठलं. दूध कधी उतू जाऊ दिलं नाही. आता साय आली तर तू वाटी घेऊन बसलीस. आयत्या बिळावर नागोबा तो असा.

इथे शेजारच्या दोन मुली शनिवारी विणकाम शिकायला येतात. बऱ्या आहेत, सुया पाडत नाहीत. पण दुधाची तहान ताकावर किती भागवायची?

असो. मुखवट्याचं लिहिते. मोठा गोल वाडगा पालथा घाल, चिनी मातीचा असला तर उत्तम. वर्तमानपत्राचे तुकडे हातानं फाड, कात्रीनं कापू नकोस, फाटलेली कड चांगली बसते. मैद्याची पातळ खळ शिजव आणि गार होऊ दे, नाहीतर पोरांचे हात भाजशील. तुकडे खळीत बुडवून वाडग्याला बाहेरून चिकटवत जा, एक थर उभा, एक आडवा, असे सहा. शेवटचा थर कोऱ्या कागदाचा दे, त्यावर रंग नीट बसतो. कडक वाळू दे. मग वाडग्यावरून उचलून काढ, डोळ्यांना भोकं पाड आणि रंगव. एवढं केलंस की झालं.

भिंगरीला सांग, मावशीआजी विचारत होती. ढब्बूला काय सांगणार? तो मला रस्त्यात ओळखणार नाही.

लोभ आहे तेवढा असू दे. वाढवायला आज मन होत नाही.

तुझी
ताई

•

१२ मे

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या हुकमाबरहुकूम सगळं केलं. वाडगा पालथा घातला, खळ शिजवली, गार केली. गार होताना त्यात ढब्बूनं कोपरापर्यंत हात घातला, तो धुतला. पेपर मात्र ह्यांच्या वाचण्याआधीच फाडला गेला. आता हे रोज सकाळी चष्मा लावून वाडग्याभोवती फिरतात आणि दिसतील तेवढ्या बातम्या वाचतात. काल म्हणाले, पाणी येणार नाही एवढं कळलं, पण कुठे ते आडव्या थराखाली गेलंय.

मुखवटा खणखणीत वाळला. मोठ्या थाटात काढायला गेले, तर निघेना. मी ओढलं, ह्यांनी ओढलं, ढब्बूनं माझ्या कमरेला मिठी मारून ओढलं. सुरीनं कड सोडवायला गेले तर सिंहाची हनुवटी फाटली. वाडग्याला तो असा चिकटला होता की दोघे जुळे वाटावेत. भिंगरीचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं, संपलं. मग ढब्बू शांतपणे म्हणाला, सिंहाला यायचंच नाहीये, तो वाडग्यात राहतो.

झालं! मग काय विचारतेस. वाडग्यासकट रंगवला, जुन्या स्वेटरच्या लोकरीची आयाळ चिकटवली, फाटक्या हनुवटीला दाढी लावली. त्याचं नाव वाडगोबा. तो टेबलावर मधोमध बसतो. सुलटा केला की सिंह शीर्षासन करतो आणि पोटातून बिस्किटं निघतात. त्याला विचारल्याशिवाय ढब्बू बिस्किट घेत नाही, आणि तो नेहमी हो म्हणतो. माझा वाडगा गेला तो गेलाच, पण इतकी हसले आहे की कुशी दुखतात.

आता एक गोष्ट. शेजारी बालवाडीच्या बाई राहतात, त्या वाडगोबाला बघायला आल्या. त्यांनी विचारलं, वाडग्याला आधी तेलाचा हात लावला नव्हता का? तेल लावलं नाही तर खळ धरून ठेवते, हे म्हणे पहिल्याच पाठात सांगतात. मी म्हटलं, आमची ताई लिहायला विसरली असेल, वय झालं. मुलांनाही तेच सांगितलं.

पण ताई, मी तुझी बहीण आहे. बोलता बोलता पाहुण्याच्या बाहीचा सुटलेला दोरा कापून टाकणारी बाई तू. तू विसरत नाहीस. मी कारण विचारत नाही, मला कळलं एवढंच कळवते.

मुलं मजेत. लोभ चिकटलेलाच आहे, सुरीनंही निघणार नाही.

तुझी
धाकटी

•

१७ मे

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

विसरले नव्हते. वाडगा पालथा घाल असं लिहिलं, पुढे तेलाचा हात लिहायला गेले आणि पेन थांबलं. मनात आलं, एकदा तरी तुमचं बिघडू दे. पोरं म्हणतील, मावशीआजी असती तर नीट झालं असतं. तू म्हणशील, ताई, आता तूच ये बाई. एवढाच माझा डाव. या वयात असले डाव सुचतात, काय करू?

आणि तुमचं काय झालं, तर वाडगोबा! तुमचं धड बिघडतसुद्धा नाही. वाडग्याभोवती फिरून पेपर वाचणाऱ्या मेहुण्यांचं वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. मग रडू आलं. मग तुझा असा राग आला की हातात होतं ते विणकाम चार ओळी उसवून टाकलं. शनिवारच्या मुली बघतच राहिल्या.

आता सरळ विचारते. मला का बोलावत नाहीस? गेल्याच्या गेल्या सुट्टीत भिंगरी माझ्याकडे राहून गेली. त्यानंतर पोरं माझ्याकडे फिरकली नाहीत, आणि ती तुझ्याकडे असताना मला बोलावणं नाही. कधी तुमच्या घराला रंग, कधी पाण्याची टाकी फुटलेली, कधी मेहुण्यांचा गुडघा. शाळेला सुट्टी लागली की तुमच्याकडे नेमकं काहीतरी फुटतं. मी काय केलं ते सांग. तेलाचं सोड, ते आत्ताचं आहे.

मला ती पोरं हवी आहेत. तुझी म्हणून नाही, आपल्या पोराची म्हणूनही नाही, मला हवीत म्हणून हवीत. बसमधून एखादी म्हातारी नातवाचा हात धरून उतरताना दिसली की मी मान फिरवते. चांगली शिकलीसवरलेली बाई मी, आणि कुणा परक्या बाईचा नातू बघून माझा जळफळाट होतो. मला स्वतःचीच लाज वाटते, पण जळफळाट कमी होत नाही.

उत्तर खरं दे. गोड दिलंस तर परत पाठवीन.

तुझी
ताई

•

२१ मे

ती. मावशीआजीस,
साष्टांग नमस्कार. आजी म्हणाली नमस्कार आधी लिहायचा, मग काय ते.

आजीनं तुझं पत्र मला थोडंसं वाचून दाखवलं, बाकीचं तिनं मनात वाचलं. मग तिनं विचारलं, मावशीआजीला बोलवूया का? मी म्हटलं, बोलाव, पण मग आपला कारखाना बंद करायचा का? आजी म्हणाली, हेच तिला लिही, आणि खरं लिही, तिला खरं चालतं.

मी तुझ्याकडे आले होते तेव्हा हातरुमालावर बदक भरलं होतं. ते आईसाठी होतं. त्याची मान जाडी झाली होती आणि एक पाय दुसरीकडे गेला होता. मी खाली खेळायला गेले आणि वर आले तर बदक छान झालं होतं. तू म्हणालीस, बघ तुझं बदक किती सुरेख झालंय. पण ते माझं नव्हतं, तू माझं उसवलं होतंस. आईनं घरी विचारलं, तूच केलंस का, मी हो म्हटलं आणि मला रडू आलं. आई म्हणाली, एवढं छान केलंय तर रडतेस काय? मी फक्त आजीला सांगितलं. तिनं कुणाला सांगितलं नाही.

आजीला काही येत नाही, म्हणून मजा येते. तिचं माझ्यापेक्षा वाईट होतं आणि ढब्बूपेक्षा थोडंसं चांगलं. मग आम्ही हसतो. तुला सगळं येतं. तू आलीस की सगळं नीट होईल. मला नीट नकोय.

पण तू ये. तू गोष्टी सांगतेस त्या मला आवडतात. ढब्बू विचारतो, मावशीआजी कोण? मी त्याला सांगितलं, त्या शाळेतल्या बाई आहेत, पण आपल्या आहेत.

तुझी लाडकी (हे माझं मी लिहिलंय, आजीनं सांगितलं नाही)
भिंगरी

•

२१ मे

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

भिंगरीचं पत्र याच पाकिटात आहे, ते आधी वाच. मी त्यातला एक काना-मात्राही बदललेला नाही. तुला लागेल. मलाही तिनं बदकाचं सांगितलं तेव्हा लागलं होतं, आणि तुला कसं सांगावं ते कळेना, म्हणून टाकी फोडत बसले.

पण सगळं बदकावर ढकलणं खरं नाही. तू खरं मागितलंस, तर घे.

तुला पुठ्ठ्याचं घर आठवतं? मुलगा तेव्हा भिंगरीएवढा होता. मी दुपारची पाळी करून आले, तर तुम्ही दोघं जमिनीवर पसरून बसला होतात. पुठ्ठ्याचं घर, खिडक्यांना पडदे, दाराला तारेची कडी. मी हात धुतले, साडी खोचून खाली बसले आणि म्हटलं, मला एक खिडकी चिकटवू द्या. माझा मुलगा म्हणाला, “आई, तू नको, तू बिघडवशील.” तू हसलीस. मीही हसले आणि चहा टाकायला गेले. घराला पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर मी असल्या कुठल्याच कामाला हात लावला नाही.

तू दूध तापवलंस, एक शब्द खोटा नाही. तू नसतीस तर माझी नोकरी टिकली नसती आणि मूल असं वाढलं नसतं. पण ताई, मला तुझा रोज हेवा वाटायचा. दवाखान्यातून येताना वाटेत म्हणायचे, आज तरी तो आधी माझ्याकडे धावेल. तो धावायचा, पण हातात तुझं काहीतरी असायचं आणि ते मला दाखवायला.

आता पहिल्यांदा दोन पोरं अशी मिळाली आहेत की त्यांना माझं बिघडलेलं आवडतं. तू दारात पाऊल टाकलंस की पाच मिनिटांत त्यांना कळेल खरी वस्तू कशी असते, आणि मी पुन्हा चहा टाकायला जाईन. याची मला भीती वाटते. म्हणून बोलावत नव्हते. झालं माझं सांगून.

तरीही ये. पोरं आणखी पंधरवडाभर आहेत. अट एकच, हात मांडीवर. सुई नाही, कात्री नाही, ‘असं धर’ नाही. बिघडलं तर बिघडू द्यायचं. मी बिघडवलं तर तोंडातून अक्षर काढायचं नाही. जमेल का ते कळव. जमणार नसेल तरी माझा लोभ कमी होणार नाही, पण मग तिकीट काढू नकोस.

तुझी
धाकटी

•

२६ मे

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

बदक मी तिच्यासाठीच नीट केलं होतं, असं पाकीट उघडल्यापासून स्वतःला बजावते आहे. शाळेत प्रदर्शनाच्या आधी पोरींची कामं आम्ही सगळ्याच शिक्षिका अशी सावरून ठेवायचो. त्यांच्यातली कुणी रडली असेल असं कधी वाटलं नाही. रडली असेल तरी बाईंना कोण सांगणार? भिंगरीनं सांगितलं. त्या पोरीला माझ्यातर्फे काही सांगू नकोस, मी आल्यावर बोलेन.

पुठ्ठ्याचं घर मला चांगलं आठवतं, पडद्याचं कापडसुद्धा आठवतं. तू चहा टाकायला गेलीस ते आठवत नाही. तू खोलीत होतीस हेही आठवत नाही, आणि हे लिहिताना मान खाली जाते. पण खरं मागितलं होतं तर खरं देतेही. तुलाही माझा हेवा वाटायचा हे वाचून जरा बरं वाटलं. पोटदुखीचा मक्ता माझ्या एकटीकडे आहे असं मी धरून चालले होते.

रविवारी दुपारच्या बसनं येते. पिशवीत कपडे आणि औषधं, बाकी काही नाही. अट पाळायचा प्रयत्न करीन, पण हात माझ्या ऐकण्यातले आहेत असं मला वाटत नाही. फार वळवळले तर बांधून ठेव.

लोभ किती उरलाय ते समोरासमोर बघू.

तुझी
ताई

•

१३ जून

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. मुलंही गेली. टेबल जागेवर आलं, घर साफ झालं, आणि हे दिवसभर अखंड पेपर हातात घेऊन बसतात आणि त्यात काही नाही म्हणतात.

मी तुझ्यावर रागावले आहे. का, ते सांगते.

सुरुवातीला तू माझं मन जिंकलंस. खुर्चीवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचीस, एखादी विद्यार्थिनी परीक्षेत कॉपी करतेय आणि आपल्याला बोलता येत नाहीये असा चेहरा करून. भिंगरीनं माशाची शेपटी उलटी कापली तेव्हा तू उठलीस आणि गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घातलंस. ढब्बूनं खळीत गाठी केल्या, तू पुन्हा झाडांना पाणी घातलंस. ह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ताईंची तब्येत बरी आहे ना, झाडं बुडाली. आणि मी खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. बाहुलीच्या अंगरख्याचं बटण मी तुझ्याकडे बघत बघत मुद्दाम उलटं लावलं. तू डोळे मिटून घेतलेस.

मग बुधवारची ती सकाळ. ढब्बू बराच वेळ तुझ्याकडे बघत होता. आम्ही सगळे काहीतरी करतोय आणि एक म्हातारी नुसती बसलीय, हे त्याला बघवेना. तो उठला, म्हणजे बघ, आपणहून उठला, तुझ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि विचारलं, “मावशीआजी, तुला काहीच येत नाही का?”

माझा खळीतला हात खळीतच राहिला. भिंगरीनं सांगायला तोंड उघडलं, मी तिचा दंड धरला. मला वाटलं, आता ताई सांगणार. शाळा, प्रदर्शनं, बक्षिसं, त्याच्या बापाचं पुठ्ठ्याचं घर. सांगायचा तुला हक्क होता, मी अडवलं नसतं. तू त्याच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, “नाही रे. शिकवशील?”

ताई, तू माझ्याकडे बघितलं नाहीस, बरं झालं. मी पदरानं डोळे पुसले आणि डोळ्यांत खळ गेली.

त्यानं आपलं स्टूल ओढत तुझ्याशेजारी नेलं. तुझी बोटं आपल्या चिकट मुठीत धरून खळीत बुडवली आणि शिकवायला लागला. असं धर, आता दाब, घाई करायची नाही. तू चिकटवलेला पहिला कागद गळून पडला. तू मुद्दाम पाडलास की तुझा हात खरंच थरथरत होता, मला सांगता येणार नाही, आणि मी तुला जन्मापासून ओळखते. तो तुला म्हणाला, असू दे, मलापण आधी येत नव्हतं. त्यानंतर तू निघेपर्यंत तो तुझ्या कुशीतून हलला नाही. माझ्याकडे यायचा तो फक्त बिस्किट मागायला. तुझी बस सुटल्यावर तो रस्त्यात बसून रडला. मला सोडून आईबापांबरोबर गेला तेव्हा खिडकीतून हात हलवला आणि पेरू मागितला.

काल सुनेचं पत्र आलं. ढब्बू भेटेल त्याला सांगत सुटलाय की मला दोन आज्या आहेत. एकीला थोडं थोडं येतं. दुसरीला काहीच येत नाही, तिला मी शिकवतो. पुढच्या सुट्टीत तो आधी तुझ्याकडे येणार आहे, ठरलंय त्याचं. तू एकटी राहतेस आणि तुला काही येत नाही, तर तुझं कसं होईल, अशी काळजी त्याला लागली आहे. भिंगरीनं त्याला खरं सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

ताई, माझा मुलगा तू पुठ्ठ्याच्या घरात घेऊन गेलीस, मी चहा टाकला, बोलले नाही. पण काही न येणं ही माझी एकटीची, जन्मभराची मिळकत होती. तीही तू आठवड्याभरात घेऊन गेलीस, आणि मला त्याचा राग येत नाहीये, म्हणून जास्तच राग येतोय.

सुट्टीत पोरांबरोबर मलाही बोलाव. लोभ असू दे, त्यातला थोडा माझ्यासाठी वेगळा काढून ठेव.

तुझी, थोडं थोडं येणारी,
धाकटी